दोन्ही टोकं

मी मोठ्यानं बोलते. बसमध्ये, दवाखान्यात, चर्चमध्येसुद्धा. लोक वळून बघतात. परवा एक शिक्षिका मला म्हणाली, "अहो, जरा हळू बोललात तरी ऐकू येतं आम्हाला." तुम्हाला येत असेल हो. मी ज्याच्याशी जन्मभर बोलले त्याला येत नव्हतं. आणि त्याच्याशी मी हळू बोलले ते एकदाच. त्याचं काय झालं तेच सांगते. मध्ये मध्ये बोलू नका, माझं डोकं फिरतं.

मी सुतारीण. वडील सुतार होते आणि हाताखाली त्यांना मुलगा हवा होता, झाले मी. नऊ वर्षांनी धाकटा झाला, पण तोवर रंधा माझ्या हातात बसला होता. शिवाय धाकट्याला लाकडात गोडी नव्हती, त्याला आवाजाची गोडी. ताट वाजव, डबा वाजव, दार वाजव. शेवटी तो चर्चची घंटा वाजवायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बावीस वर्षं वाजवली त्यानं. घंटेनं हळूहळू त्याचे कान खाल्ले. पुढे पुढे त्याला ओठ दिसले तर निम्मं कळायचं, पाठमोरं बोललं तर फार तर एखाददुसरा शब्द. पण कबूल करील तर शपथ. कुणी काहीही म्हटलं की मान हलवायचा, "हो हो." गावभर नावच पडलं त्याचं, होहो. एकदा कुणीतरी त्याला विचारलं, "तुझी बायको पळून गेली म्हणे?" तर म्हणाला, "हो हो." बायको मागेच उभी होती. आठवडाभर बोलली नाही ती त्याच्याशी, आणि याला ते कळलंच नाही.

तो आणि माझी भावजय मनोऱ्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायचे. माझं दुकान रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर. मी लग्न केलं नाही. धाकट्याला मीच वाढवला असं म्हटलं तरी चालेल, आई लवकर गेली. म्हणजे तो माझा भाऊ खरा, पण त्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसलाय, समजलं?

आता त्या घंटेचं ऐका. मनोऱ्याच्या डोक्यावर एक जाडजूड तुळई आहे, आहे म्हणजे होती. तिची दोन टोकं दोन बाजूंच्या भिंतीत, आणि मधोमध घंटा लटकलेली. लाकूड मध्ये कधी कुजत नाही, ते टोकाला कुजतं, जिथं भिंतीची ओल लागते. आणि बाहेरून दिसत नाही. वरची साल खणखणीत, आत नुसता भुगा. ते ओळखायचं एकच साधन, लाकडी हातोडा. चांगलं लाकूड ठोकलं की टण् म्हणतं. कुजलेलं भद् म्हणतं. वडील म्हणायचे, "लाकूड गप्प असतं तेव्हा फसवतं, ठोकलं की खरं बोलतं. माणसाचं उलटं असतं." वर्षातून एकदा वर चढायचं, दोन्ही टोकं ठोकायची, आणि अलीकडच्या टोकाजवळ तुळईवर पेन्सिलीनं तारीख घालून लिहायचं: दोन्ही टोकं ठोकली. वडिलांच्या हातच्या एकवीस ओळी होत्या तिथं, त्याखाली माझ्या एकोणीस. सगळ्या सारख्या. कधी तिनाचे चार शब्द झाले नाहीत.

अलीकडचं टोक सोपं. शिडीवरून वर डोकं काढलं की समोरच. पलीकडचं मात्र घंटेच्या मागे. तिकडे जायला दीड वीत रुंदीच्या फळीवरून, घंटेच्या काठाखालून, पोटावर सरकत जावं लागायचं. चाळिशीत मी सापासारखी जायचे. साठी ओलांडली आणि उजव्या गुडघ्यानं दावा मांडला.

त्या वर्षी मी वर जायच्या आदल्या रविवारी, मिस्सा संपून सगळे अंगणात उभे असताना, धाकटा फादरांच्या समोर मला म्हणाला, "ताई, यंदा राहू दे. गुडघा बघ तुझा. आपण दुसऱ्या सुताराला बोलावू." त्याचं बोलणं म्हणजे ओरडणंच. बहिऱ्या माणसाची मायासुद्धा दवंडी पिटल्यासारखी असते. सगळ्या अंगणानं माझ्या गुडघ्याकडे बघितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या तुळईला दुसऱ्याचा हात लागणार नाही." तो म्हणाला, "हो हो."

गेले मी. अडुसष्ट पायऱ्या आणि वर शिडी. अलीकडचं टोक ठोकलं. टण्. अगदी तरण्या लाकडासारखं. मग फळीकडे बघितलं. गुडघा टेकवायला गेले तर अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे. बसले तशीच. म्हटलं, एक टोक इतकं ठणठणीत आहे तर दुसरं काय वेगळं असणार, एकाच झाडाचं ना? म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन करीन, पट्टी बांधून. आणि हे म्हणता म्हणता पेन्सिल काढली. खरं सांगते, हात आपोआप चालला. एकोणीस वर्षं तो तेच तीन शब्द लिहीत होता, त्याला चौथं काही येतच नव्हतं. दोन्ही टोकं ठोकली. लिहून झाल्यावर मी ते वाचलं. खोडायला थुंकी लावलेलं बोट पुरलं असतं. नाही खोडलं.

खाली धाकटा वाट बघत होता. आमची एक पद्धत होती. तो खालून दोन बोटं वर करायचा, म्हणजे "दोन्ही?" आणि मी दोन बोटं वर करून दाखवायचे, म्हणजे "दोन्ही." त्यानं दोन बोटं वर केली. मीही केली. तो हसला. माझी पाठ थोपटून म्हणाला, "म्हातारी अजून दणकट आहे!" मलाही हसू आलं. हे मला अजून समजत नाही, की मला हसू कसं आलं.

पुढचा आठवडा गेला, पुढचा महिना गेला. तुम्ही म्हणाल, मग जाऊन आली का नाहीस? दहा मिनिटांचं काम. अहो, तेच तर सांगतेय. एकदा दोन बोटं वर केली की ती खाली घेणं लई अवघड. वर जायचं म्हणजे किल्ली मागायची, किल्ली मागितली की धाकटा विचारणार, "कशाला?" आणि त्याला उत्तर द्यायचं म्हणजे अंगणभर ओरडून द्यायचं. झाकली मूठ बरी, असं वाटत राहिलं.

पाच महिन्यांनी भावजय मला म्हणाली, "वन्सं, तुमच्या तुळईला सर्दी झालीय की काय? रोज शिंकतेय." मनोऱ्यात दोराच्या खोलीत ती झाडू मारायची. सुपलीत तिनं मला दाखवलं. बारीक, पिवळा भुगा, पिठासारखा.

"कबुतरं असतील," मी म्हटलं.

"कबुतरं पिवळा भुगा घालतात होय?"

"तू झाड गं मुकाट्यानं."

ती गेली. माझ्या दोन बोटांच्या चिमटीत थोडा भुगा राहिला होता. मी सुतारीण आहे, मला कबुतर आणि कीड यातला फरक कळत नाही होय? पण तोंडातून कबुतर निघालं, आणि मग त्या कबुतरालाही सांभाळायला लागलं. दर चार दिवसांनी भावजय म्हणायची, "आज तुमच्या कबुतरांनी जास्तच घाण केलीय." आणि मी म्हणायचे, "हंगाम आहे त्यांचा."

तेव्हापासून मी घंटा ऐकायला लागले. म्हणजे आधीही ऐकू यायची, पण आता ऐकायला लागले. सकाळी मिस्साच्या आधी बारा ठोके. पहिला पडला की हातातलं काम थांबायचं. मोजायचे. बारावा पडला, घुमून विरला, की मग श्वास. समोरच्या दारातून धाकटा बाहेर यायचा, हात पुसत, आणि माझ्याकडे बघून हात हलवायचा. जिवंत. मग मी रंधा उचलायचे. असे तीन महिने. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, माझी खवखव रोज बारा वेळा व्हायची. आणि तरी वर जाईन तर मी कसली!

शेवटी एका शनिवारी सकाळी कबुलीला बसले. आमचे फादर म्हातारे, खोकत बोलायचे, गोड बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. जाळीपलीकडून म्हणाले, "बोला." मी आधी इकडचं तिकडचं सांगितलं, कुणाला शिव्या दिल्या, कुणाचा राग केला. ते खोकले. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही दर महिन्याला सांगता. आज आवाज वेगळा आहे." मग मी सांगितलं. तुळई, टोक, तीन शब्द, दोन बोटं, भुगा, कबुतरं. सगळं एका दमात.

त्यांचा खोकलासुद्धा थांबला. म्हणाले, "पाप डागासारखं असतं तर मी आत्ता पुसून दिलं असतं. ही कीड आहे. तुम्ही झोपता तेव्हाही ती खात असते. देव तुम्हाला क्षमा करील, पण तुळईला क्षमा कळत नाही."

"मग मी काय करू?"

"वर जा. जाता येत नसेल तर भावाला आजच्या आज सांगा. उद्या घंटा वाजता कामा नये. मी बाहेर एक अक्षर बोलू शकत नाही, इथलं इथंच राहतं. मी घंटा थांबवली तर लोक विचारतील का, आणि मला खोटं बोलता येत नाही, खरंही बोलता येत नाही. हे तुमच्या तोंडूनच निघायला हवं. समजलं?"

"समजलं."

"सांगाल?"

"सांगीन."

त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले. बाहेर आले तर काय सांगू, इतकं हलकं वाटलं! आठ महिन्यांचं ओझं उतरलं. दुकानात आले ती गुणगुणत. आणि इथंच मी गाढवपणा केला, लक्षात घ्या. मला वाटलं, मोठं काम झालं. देवाला सांगून झालं, आता भावाला काय, सांगून टाकू.

दुपारी धाकटा आला, खुर्चीचा पाय घेऊन. माझ्या पाठीमागं लाकडाच्या ढिगावर बसला. मी फळी रंधत होते. दुकानाचं दार उघडं, रस्त्यावर माणसं, शेजारचा चांभार त्याच्या दारात बसलेला. सांगायचं तर वळून, तोंड त्याच्या तोंडासमोर धरून, बेंबीच्या देठापासून ओरडून सांगायला हवं होतं: मी खोटं लिहिलं! सगळ्या रस्त्यानं ऐकलं असतं. चांभारानं ऐकलं असतं, म्हणजे दिवेलागणीपर्यंत गावानं. त्याच गावासमोर मी म्हणाले होते, माझ्या जिवात जीव आहे तोवर.

मी वळले नाही. रंधाही थांबवला नाही. सर्र सर्र चालूच. आणि त्या आवाजाखाली, मान खाली घालून, हळू म्हणाले, "धाकट्या, यंदा मी दुसरं टोक ठोकलंच नाही. उद्या घंटा वाजवू नकोस."

मागून आवाज आला, "हो हो."

आणि मी, देवा, मी ते धरून ठेवलं. म्हटलं, झालं. सांगितलं. त्यानं हो म्हटलं. इतकी वर्षं जिला त्या होहोचा अर्थ माहीत होता, तिनं त्या दिवशी तो खरा मानला. तो खुर्चीचा पाय ठेवून गेला. जाताना खुंटीवरचा वडिलांचा लाकडी हातोडा हातात घेऊन म्हणाला, "हा नेतो गं." मी मान हलवली. काहीतरी ठोकायचं असेल घरात.

संध्याकाळी फादर रस्त्यात भेटले. ते काही विचारू शकत नव्हते. नुसते उभे राहिले, आधी मनोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीच म्हटलं, "सांगितलं हो, फादर. सांगितलं." त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला त्यांची कीव आली. म्हणाले, "देव तुमचं भलं करो."

रविवारी सकाळी मी लवकर दुकान उघडलं. काम करायचं नव्हतं, पण घरात बसवेना. अंगणात माणसं जमू लागली होती, धुतलेले कपडे, लहान मुलं, नेहमीचं. मी म्हटलं, आज घंटा वाजणार नाही, लोक विचारतील, धाकटा काहीतरी सांगेल, तो भला माणूस आहे, माझं नाव घेणार नाही.

आणि वरून आवाज आला. टण्. टण्. टण्.

माझ्या हातातून किल्ल्या पडल्या. तो हातोडा मी झोपेत ओळखीन. अलीकडचं टोक. मग शांतता. लांब शांतता. एका माणसानं फळीवरून पोटावर सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढी. आणि मग आला आवाज. भद्. भद्. भद्. ओल्या गोणीवर बुक्की मारल्यासारखा.

मला तेव्हा कळलं. टोक ठोकलंच नाही, असं मी म्हणाले होते. त्याच्या कानांत त्यातलं जे शिरलं ते एवढंच: दुसरं टोक ठोक. ताईनं सांगितलं, दुसरं टोक ठोक. आणि तो हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हो खरा होता.

आणि त्याला टण् आणि भद् यातला फरक ऐकूच येत नव्हता.

मनोऱ्याच्या खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं. केसांत भुगा. मला बघून असा हसला, लहानपणी दुधाचा दात पडला की दाखवायला यायचा तसा. आणि दोन बोटं वर केली. दोन्ही.

मी दोन्ही हात हलवले, नको नको म्हणून. त्यानंही हात हलवला आणि डोकं आत घेतलं.

मी धावले. या गुडघ्यानं जेवढं धावता येतं तेवढं. ओरडले, "थांब! अरे थांब, धाकट्या! वाजवू नको!" अंगणातल्या लोकांनी वाट करून दिली आणि ते हसत होते. एक जण म्हणाला, "घ्या, ताईबाईंनी सकाळी सकाळीच भावाला धरलं." कारण मी त्याच्यावर रोजच ओरडायचे ना! सगळ्या जगाला माझं ओरडणं ऐकू गेलं, फक्त त्याला सोडून. अडुसष्ट पायऱ्या तो किती पटकन उतरला कोण जाणे. मी दारापाशी पोचायच्या आत पहिला ठोका पडला. दुसरा. तिसरा. मी कडी धरली. चौथा अर्धाच वाजला.

पुढचं मी सांगत नाही. दार उघडलं तेव्हा खोलीत पिवळं धुकं होतं आणि त्यात घंटा आडवी पडलेली. घंटा त्याच्यावर नाही पडली, तुळई पडली. छातीवर.

इस्पितळात चार दिवस होता. पहिल्याच दिवशी, बाहेर बाकावर, भावजयीनं माझा हात धरला. "वन्सं, हे निघताना म्हणाले, ताईनं ठोकायला सांगितलंय. तुम्ही सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "मी? मी कशाला सांगू? बहिऱ्या माणसाला कुणी ठोकायला सांगतं का?"

शब्दन् शब्द खरा. ती रडायला लागली. म्हणाली, "काहीतरी भलतंच ऐकलं असणार त्यांनी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवला की नाही? फिरवला. फादर समोरच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ते ऐकलं. डोळे मिटून घेतले. ती पाणी आणायला गेल्यावर मला म्हणाले, "मी काही विचारत नाही. मला विचारता येत नाही."

"मग नका विचारू."

"म्हणूनच सांगतो. अजून तो जिवंत आहे."

तोवर गावात सगळं ठरून गेलं होतं. मी वर लिहिलंच होतं, दोन्ही टोकं ठोकली, लोकांनी पडलेल्या तुळईवर ते वाचलं. म्हणजे सुतारणीची चूक नाही. मग हा बहिरा वर गेलाच कशाला? नसत्या उठाठेवी करून खिळखिळी केली असणार. ज्याचं कान लावायचं काम नाही त्यानं कान लावू नये. हे भावजयीच्या तोंडावर बोलले लोक. करावं तसं भरावं, असंही एक जण म्हणाला. खोटं आहे. साफ खोटं. केलं मी. भरलं त्यानं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं. खोलीत सहा खाटा, सगळ्यांचे नातेवाईक, एक परिचारिका. भावजय डॉक्टरांना शोधायला गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला, छातीत हवाच नव्हती. मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"ताई. तू सांगितलंस तसं दुसरं टोक ठोकलं. मला दोन्ही सारखीच वाटली. माझ्या कानांनी घात केला. तुझ्या कामाला बट्टा लावला मी. माफ केलंस ना?"

मी मान वर केली. त्याची नजर माझ्या ओठांवर होती. तो वाट बघत होता. मला फक्त ओरडायचं होतं. सहा खाटांसमोर, परिचारिकेसमोर, एकदा: तुझी चूक नाही, माझी आहे! मी तोंड उघडलंसुद्धा. शेजारच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडे बघत होती, अनोळखी म्हातारी, जिचं नावही मला आजवर माहीत नाही.

मी मान हलवली. "हो हो."

तो हसला. समाधानानं डोळे मिटले त्यानं. माफी मिळालेला माणूस कसा दिसतो ते मी बघितलं. दुपारी तो गेला.

पेटी मीच केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फळ्या स्वतः रंधल्या, कोपरे स्वतः जुळवले. लोक म्हणाले, "बहीण असावी तर अशी."

दफनाला सगळं गाव आलं. फादरांनी प्रार्थना म्हटल्या. भावजय कबरीच्या काठावर उभी होती, ताठ, मान खाली. माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, "बिचारा. पण बहिऱ्यानं कशाला जावं वर?" तिनं ते ऐकलं. मी बघितलं, ते तिच्या अंगात शिरलं, आणि तिनं मान आणखी खाली घातली. नवऱ्याची चूक पोटात घालून घेणाऱ्या बाईसारखी. ती चूक ती जन्मभर घेऊन फिरणार होती, लोकांची माफी मागत.

तेव्हा फुटलं माझं तोंड. त्याच्याशी बोलायचा तो आवाज, इतक्या वर्षांचा, अंगण ओलांडून जाणारा. "दुसरं टोक मी ठोकलं नव्हतं! खोटं लिहिलं मी! भुगा पडत होता, मला माहीत होतं! त्याला मी सांगितलं, पण त्याला ऐकू जाणार नाही असं सांगितलं! तो माझी माफी मागत होता आणि मी ती दिली!"

झाडावरचे पक्षी उडाले. कुणी हललं नाही. फादरांनी पुस्तक छातीशी धरलं. मी ओरडतच होते, तीच तीच वाक्यं, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी लोकांकडे बघतच नाहीये. मी वाकले होते, पेटीकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलत होते, त्याला ओठ दिसावेत म्हणून.

भावजय माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसता माझ्या खांद्याला हात लावला, वेड्या माणसाला लावतात तसा, आणि म्हणाली, "वन्सं, झाकण लागलंय."

लागलं होतं. सकाळी मीच ठोकलं होतं. दोन्ही टोकांना.